चार्जर नव्हे, अडॅप्टर

वायर दिसली की तो ती आधी दातात धरायचा. मान एका बाजूला कलती, एक डोळा बारीक, आणि समोरच्या दोन दातांनी वरचं प्लास्टिक सोलून थू करून जमिनीवर. ज्या घरात हे चाले, त्या घरातली बाई नंतर ते लाल-काळे तुकडे झाडत बसे. कोणी पकड पुढे केली तर तो तिच्याकडे कीव आल्यासारखं बघे. म्हणे, "दातावानी पकड कंपनीला बनवताच आली न्हाई. कंपनीला अक्कल न्हाई."

कुठली कंपनी, ते कधी कळलं नाही. पंख्याची, इस्त्रीची, बल्बची, सगळ्यांची मिळून त्याच्या डोक्यात एकच कंपनी होती आणि तिला अक्कल नव्हती.

परतूरला आमच्या गल्लीत त्याला सगळे फोरमन म्हणत. मी तोंडावर फोरमनकाका म्हणायचे. इथे लिहिताना मात्र 'तो' म्हणते. काका म्हणून लिहायला बसले तर हात अडेल. तुमच्याही गल्लीत असा एखादा असेल, तेव्हा माझं म्हणणं तुम्हाला समजेल.

तो फोरमन कधीच नव्हता. जिनिंगच्या फाटकावर बसून आत येणाऱ्या कापसाच्या गाड्या लिहून घेणं, एवढंच त्याचं काम. मशीनचा हॉल त्याने बाहेरून पाहिलेला, धुरळ्यातून. पुढे जिनिंग बंद पडलं, आणि त्याच्या सगळ्या बढत्या त्यानंतर झाल्या. पहिल्या वर्षी तो फिटर झाला, मग मेकॅनिक, आणि आम्ही त्या गल्लीत राहायला गेलो तोवर फोरमन झालेला होता. घर त्याची बायको चालवायची. ब्लाउज शिवायची, फॉल-पिको करायची. गल्लीतल्या एकूणएक यंत्रात बोट घालणाऱ्या या माणसाला तिने आपल्या शिलाई मशीनला मात्र कधी हात लावू दिला नाही. तेल घालायचं असलं तरी तो बाहेर गेल्यावर घालायची. त्या घरात अक्कल कोणाकडे होती, ते यावरून समजावं.

त्याने केलेल्या दुरुस्त्यांविषयी फार सांगत नाही. शेजारच्या किराणावाल्यासाठी त्याने जुन्या पत्र्याचा कूलर बनवला. पहिल्या दिवशी त्यातून वाऱ्याऐवजी पाणी आलं आणि दुसऱ्या दिवशी पाण्याला करंट आला. किराणावाला ओल्या पायांनी कूलरला टेकला आणि पोत्यांवर जाऊन पडला. फोरमनने त्याला उठवलं, पाणी पाजलं आणि म्हणाला, कूलर बराबर आहे, तुमची फरशी बोगस आहे. दुसऱ्या एका घरची इस्त्री त्याने 'जास्त गरम व्हावी म्हणून' उघडली. ती इतकी गरम झाली की त्या घरच्या मास्तरांना भोक पडलेल्या पँटवर लांब शर्ट घालून शाळेत यावं लागलं. ते मास्तर माझ्याच शाळेत होते, म्हणून मला माहीत.

कधी एखादी वस्तू सुरूही व्हायची. बहुतेकदा आत काहीतरी ढिलं झालेलं असे आणि उघडून बंद केल्यावर ते आपोआप बसे. मग त्याचं वर्णन आठवडाभर चाले. पैसे तो घेत नसे, हे खरं. चहा घेई, आणि चहासोबत ऐकणारा माणूस घेई. ते जास्त महाग पडे.

आमच्या घरात मी आणि आई, दोघीच. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. धाकटा भाऊ, संजू, फौजेत. आईला अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. उजवा हात आणि उजवा पाय गेला, जीभ जड झाली. बोलायची, पण शब्द तोंडातून सरळ निघत नसत. ऐकणाऱ्याला जरा थांबावं लागे. तिची खाट मी खिडकीला लावली होती. दिवसभर पडल्या पडल्या तिला गल्ली दिसावी म्हणून.

संजूशी बोलता यावं म्हणून मी मोबाइल घेतला. तेव्हा ते स्वस्तातले फोन निघाले होते, ज्यांच्यात कार्ड नसायचं. नंबर फोनातच बसवलेला. फोन गेला की नंबरही गेला. आमच्या फोनची बॅटरी थोड्याच दिवसांत उतरली. वायर लावलेली असेल तोवरच तो बोलायचा; वायर काढली की दोन शब्दांत मान टाकायचा. आणि खोलीत प्लगचं बोर्ड एकच, दाराजवळ, वर. रेंज नीट यायची ती फक्त खिडकीपाशी; दाराजवळ तुटक तुटक. म्हणजे जिथे लाइट तिथे धड रेंज नाही आणि जिथे रेंज तिथे लाइट नाही. रविवारी संजूचा फोन आला की मी दारात उभी राहून ओरडून बोलायची आणि आई खाटेवरून माझ्या तोंडाकडे बघत राहायची. फोन तिच्या कानापर्यंत पोहोचतच नव्हता.

मी एक्स्टेन्शन बोर्ड आणणार होते. बाजारातून आणायचं राहून जात होतं, एवढंच. फोरमनच्या कानावर हे गेलं आणि तो खिडकीत येऊन उभा राहिला. म्हणाला, बोर्ड आणू नका, अक्काच्या उशापाशी घरातली जबर लाइट नेऊन ठेवता का? पाण्याचा तांब्या कलंडला तर काय होईल? त्यापेक्षा चार्जरच्या पुढची बारीक वायर लांब करायची, तिच्यात करंट नसल्यासारखाच असतो.

मी म्हटलं, चार्जर नवा आहे, त्याला हात लावू नका.

"चार्जर म्हणू नका, बाई. अडॅप्टर म्हणा." मला, शिकवणाऱ्या बाईला, तो शब्द शिकवून गेला. "आन् कंपनीला अक्कल असती, तर वायर एवढी आखूड केली असती का?"

मी खिडकी लावून घेतली.

त्या आठवड्यात संजूचा निरोप होता की येत्या रविवारी तो शेवटचा फोन करील. मग त्यांची तुकडी वरच्या चौकीवर जाणार. तिथे बर्फ पडायला लागलं की उन्हाळ्यापर्यंत फोन नाही. पत्रं येतील, पण पत्रात आवाज नसतो. आई आठवडाभर त्या रविवारची वाट बघत होती. मला तिने दोनदा विचारलं, बोर्ड कधी आणतेस. शनिवारी सकाळची शाळा करून येताना आणते, म्हणाले.

शनिवारी दुपारी मी बोर्ड घेऊनच घरी आले. दारातच प्लास्टिकचे तुकडे दिसले.

तो आईच्या खाटेजवळ जमिनीवर मांडी घालून बसला होता. चार्जरची वायर मधोमध कापलेली. दोन्ही तुकड्यांच्या मध्ये घंटीला लावतात तसल्या तांबड्या-पांढऱ्या वायरचं भेंडोळं जोडलेलं. काळी टेप नव्हती म्हणून आईच्या औषधाच्या डब्यातली जखमेला लावायची पट्टी काढून त्याने सांध्यांवर गुंडाळली होती. आणि त्या वायरचा मधला भाग आईच्या हातात होता. उजव्या, गेलेल्या हातात. त्याने तिची बोटं मिटवून त्यात वायर बसवली होती आणि म्हणत होता, "अक्का, घट्ट धरा. ढिली सोडू नका, मंग सगळं बिघडतं."

मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. गल्लीने ऐकलं होतं. त्याच्यावर काही परिणाम झाला नाही. तो उठला, वायर खोलीभर सोडली, अडॅप्टर बोर्डात खोचला आणि दुसरं टोक खिडकीपाशी ठेवलेल्या फोनमध्ये घातलं. लाइट नुकतीच आली होती. फोनच्या पडद्यावर एक आडवी रेघ उमटली. ती पुसट झाली, गेली. मी फोन उचलला तर तो तव्यावरून काढल्यासारखा तापलेला.

त्याने तो माझ्या हातातून घेतला, उलटासुलटा केला, फुंकर मारली, मांडीवर आपटला. मग निर्णय दिला.

"फोनच बोगस निघाला, बाई."

मी त्याला दार दाखवलं. तो जाताना आई काहीतरी बोलायला लागली. मला वाटलं, त्याला शिव्या देते आहे. मी जवळ गेले. ती म्हणत होती, "त्याला बोलू नगं. म्याच बलावल्तं. म्या बी धरल्ती वायर."

धरल्ती, हे ती अशा आवाजात म्हणाली की मला तिचाही राग आला.

बाजारातल्या मोबाइलवाल्याकडे गेले. त्याने फोन उघडून नाकाला लावला आणि बंद करून परत दिला. आतलं जळलं होतं. नवा फोन घेतला तरी त्यात हा नंबर घालायला जालन्याच्या ऑफिसात जावं लागेल, आणि ते सोमवारी उघडणार. संजूला कळवायला आमच्याकडे काही नव्हतं. फोन नेहमी तिकडून यायचा.

रविवारी दुपारी तो पुन्हा आला. धुतलेला शर्ट घातलेला, केसांना तेल लावलेलं, जणू कुठे मुलगी बघायला निघालाय. हातात त्याच्या मुलीने दिलेला स्वतःचा मोबाइल. मला न विचारता स्टूल ओढून आईच्या उशाशी बसला आणि फोन खिडकीच्या कट्ट्यावर, जिथे आमचा ठेवायचा होता तिथे, ठेवला.

मी विचारलं, हे काय?

म्हणाला, पोराचा फोन यायचा हाये ना आज.

मी त्याला सांगितलं, लहान मुलाला सांगावं तसं, की संजू आमच्या नंबरवर फोन लावणार. तुमचा नंबर त्याला माहीत नाही. तुमच्या फोनवर तो येऊच शकत नाही.

"फौजेला सगळे नंबर माहीत असतेत, बाई," तो म्हणाला. मला शंका होतीच, आता खात्री झाली, की याच्या डोक्यात खरोखरच काही नाही.

मी स्वयंपाकघरात गेले. तिथून मला दोघांची पाठ दिसत होती. तो बसून होता. आईला सांगत होता की जिनिंगमध्ये एकदा साहेबांना जमला नाही तो बिघाड त्याने कसा काढला. आई मधेच काहीतरी म्हणाली, ते त्याला पटलं नाही, तर तिच्याशी वाद घालायला लागला. झटका आलेल्या बाईशी वाद. तिला शब्द सापडेपर्यंतही तो थांबला नाही, आणि सापडल्यावर म्हणाला, "तुम्हाला न्हाई कळायचं, अक्का."

एकदा फोन वाजला. आईने उशीवरून मान उचलली. मीही दारापर्यंत आले. त्याने झडप घालून फोन कानाला लावला. मंठ्याला दिलेली त्याची मुलगी होती, जेवलात का विचारत होती. तो तिच्यावर खेकसला, "लाइन मोकळी ठेव. फौजेचा फोन येऊन राह्यला." आणि बंद केला.

ऊन खिडकीतून निघून भिंतीवर गेलं. संजूची फोन करायची वेळ टळून गेली होती. कुठेतरी डोंगराखालच्या बूथमध्ये उभा राहून तो आमचा नंबर पुन्हा पुन्हा फिरवत असेल, हे मला दिसत होतं. मी चहा ठेवला. फोरमनसाठी नव्हे, आईसाठी ठेवला, पण त्याच्यासाठीही पाणी घालावंच लागलं.

चहा उकळत असताना आईचा आवाज आला. ती हळूहळू, एकेक शब्द ठेवत बोलत होती.

"भाऊ, जाऊ द्या आता. न्हाई यायचा त्याचा फोन. तुमचा नंबर न्हाई त्याला ठाव."

त्याच्याकडून काही न बोलणं मी पहिल्यांदाच ऐकत होते, म्हणून गॅस बारीक केला.

मग तो म्हणाला, "अक्का, आतल्या दोन्ही वायरी काळ्याच होत्या. खूण करून ठेवाया पाह्यजे होती. उलटी लागली असंल माझ्याकून."

"म्या बी तर धरल्ती."

"तुम्ही धरलेली बराबर होती," तो म्हणाला. "तुमच्याकडची बिलकुल बराबर होती."

मी चहा घेऊन गेले. मला बघताच त्याने घसा खाकरला, फोन खिशात घातला आणि म्हणाला, बाई, नवा फोन घ्याल तो जरा चांगल्या कंपनीचा घ्या. या कंपनीला अक्कल न्हाई.

सोमवारी मी रजा टाकून जालन्याला गेले. नवा फोन घेतला, नंबर त्यात घालून घेतला. तिथल्या दुकानदाराला झाला प्रकार सांगितला तेव्हा तो हसला. म्हणाला, विचार चुकीचा नव्हता, बारीक वायर लांब केलेलीच आजारी माणसाजवळ बरी. फक्त दोन टोकं उलटी जोडली त्याने. मी म्हटलं, त्याचं सगळं आयुष्यच तसं जोडलेलं आहे.

शनिवारी आणलेलं एक्स्टेन्शन बोर्ड मी खाटेखालून नेऊन आईच्या उशाशी टांगलं. ते एकही शब्द न बोलता चालू झालं आणि कायम चालू राहिलं. फोरमन येता-जाता त्याच्याकडे बघून म्हणे, करंट बसंल एखाद दिवशी. कधी बसला नाही. नवा चार्जर मात्र मी शाळेत जाताना कपाटात ठेवून कुलूप लावायची.

कारण त्याचं येणं काही थांबलं नाही. मी शाळेत गेले की तो येऊन बसे. मी आईला एकदा सरळ विचारलं, की गल्लीत एवढी चांगली माणसं आहेत, शेजारच्या काकू आहेत, मास्तरांची बायको आहे, आणि तुला हाच कसा चालतो? ज्याने तुझ्या पोराचा आवाज घालवला?

आई म्हणाली, "बाकीचे येतेत ते तुला इचारतेत, माय कशी हाये म्हून. म्या हितंच असते. त्यो मला इचारतो. मंग भांडतो."

पण त्यामुळे फोरमनविषयीचं माझं मत बदललं, असं कोणी समजू नये. दया करायला जेवढी समज लागते तेवढी त्याच्याकडे नव्हती, म्हणून तो आईशी धडधाकट माणसाशी बोलावं तसं बोलायचा. आईला ते औषधासारखं लागू पडलं, हा तिच्या आजाराचा गुण. विहिरीत पडलेल्या माणसाला वेल सापडली, तर ती काय त्याच्यासाठी उगवलेली असते?

हिवाळा गेला. होळी होऊन गेल्यावर एका दुपारी संजूचा फोन आला. मी शाळेत होते. घरी फोरमन होता. चार्जर कपाटात होता, पण नव्या फोनची बॅटरी चांगली होती, त्यामुळे त्याची गरज पडली नाही. त्याने फोन आईच्या कानाला धरला. आई रडायला लागली आणि तिला काही बोलता येईना, तर याला धीर निघेना. याने फोन स्वतःच्या कानाला लावला. आपली ओळख फोरमन म्हणून करून दिली, वरच्या चौकीवर जनरेटर कोणत्या कंपनीचा आहे ते विचारलं, आणि त्या कंपनीला अक्कल नसल्याचं कळवलं. मग पुन्हा आईला दिला. संजूने मला नंतर विचारलं, ताई, तो माणूस कोण होता? मी म्हटलं, कोणी नाही, गल्लीतला एक आहे. संजू म्हणाला, त्याच्या आवाजामागे माय हसत होती.

पुढे त्याच्या बायकोच्या डोळ्यांना बारीक शिवण दिसेनाशी झाली. मंठ्याच्या मुलीने दोघांना आपल्याकडे न्यायचं ठरवलं. एका सकाळी जावई टेम्पो घेऊन आला. सामान फार नव्हतं. भांडी, दोन ट्रंका, शिलाई मशीन, आणि पोतंभर उघडून ठेवलेल्या वस्तू, ज्या ठेवूनच जा म्हणून बायको विनवत होती.

आमची गल्ली अरुंद. टेम्पो मागे घेत बाहेर काढावा लागणार होता. ड्रायव्हर वाकून बघत होता, तेवढ्यात फोरमन मागे जाऊन उभा राहिला आणि दोन्ही हात हलवायला लागला. येऊ द्या, येऊ द्या. अजून येऊ द्या. गल्लीतले सगळे बघत होते. शेवटच्या दिवशी त्याला अडवायचं कोणाच्या मनात आलं नसावं. टेम्पोचं मागचं चाक नालीत गेलं आणि शिलाई मशीन एका बाजूला सरकलं. त्याची बायको ओट्यावर खाली बसली आणि तिने पदर डोळ्यांवर ओढला.

किराणावाला, मास्तर, मी, सगळ्यांनी ढकलून चाक बाहेर काढलं. तो तोवर ड्रायव्हरला समजावत होता, की चूक नालीची आहे, ती दुसऱ्या बाजूला पाहिजे होती. मग निरोपाला आईकडे येईल असं मला वाटलं होतं. पण टेम्पो सुरू झाला आणि तो गडबडीत मागे चढला. वळणावर त्याने आमच्या खिडकीकडे बघून हात वर केला. आत आईला दिसला की नाही, मला माहीत नाही.

मी हात धुऊन आत गेले. आई खिडकीकडे तोंड करून पडली होती. गल्ली नेहमीपेक्षा शांत होती. मी तिच्या उशाशी जाऊन बसले. तिला विचारलं, औषध देऊ का. ती नको म्हणाली. चहा ठेवू का. नको म्हणाली. मग म्हणाली, "भाईर कशाचा गलका झाला?"

मी सांगितलं. चाक नालीत कसं गेलं, तो कसा येऊ द्या येऊ द्या करत होता, आणि चाक बाहेर काढेपर्यंत ड्रायव्हरला नालीची चूक कशी दाखवत होता. त्याच्या आवाजात सांगितलं, कारण माझ्या आवाजात ते काही जमेना. आईचं अर्धं तोंड हसायला लागलं. डाव्या हाताने तिने डोळे पुसले.

"परत सांग," ती म्हणाली.